गावीलगड, दोन दिवस, 72 वर्षांचे बाबा आणि एक वॅगनआर

मानेवाडा_चौक (2 डिसेंबर, रात्री 10:40)

नमस्कार मंडळी. 13-14 डिसेंबर, शनिवार-रविवार, नागपूरहून गावीलगड किल्ला करायचं म्हणून राहिलो. चिखलदरा नाही, गावीलगड. हे आधीच सांगून ठेवतो कारण घरी सगळ्यांना वाटते की चिखलदऱ्याला जाऊन राहिलो आणि जाताजाता किल्ला. उलटं आहे.

झालं असं की बाबा एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर होऊन 14 वर्षं झाली, त्यातली पाचसहा वर्षं परतवाड्याला काढली आणि चिखलदऱ्याची फेरी त्यांच्याकडे असायची. गाडी वर लावायची, चहा प्यायचा, कंडक्टरचा हिशेब होईपर्यंत एक डुलकी, की परत खाली. परवा जेवताना सहज बोलले की गडाची भिंत इतके वर्षं पाहिली पण आत एकदाही पाय नाही ठेवला. म्हटलं आता तरी चला.

आता प्रश्न. बाबांचे गुडघे दुखतात, सपाटीवर अर्धा-पाऊण तास आरामात चालतात, चढावर थांबत थांबत. सोबत बायको आणि 9 वर्षांची मुलगी. गडात किती चालावं लागते? रस्ता अमरावतीवरून घ्यावा की काटोल-वरुडवरून? आणि एका दिवसात जाऊन येणं होते का? ऑफिसमधला एक जण म्हणतो आरामात होते, पण तो नागपूर ते पुणेसुद्धा आरामात होते म्हणतो.

गिट्टीखदान_एक्स्प्रेस

भाऊ उगाच टेन्शन नका घेऊ, किल्ल्यात काही राहिलं नाही. दगडं, गवत आणि एक तळं. आम्ही तीन वर्षांपूर्वी गेलो होतो, पाऊण तासात पाहून बाहेर. सकाळी देवी पॉइंट, मोझरी पॉइंट, भीमकुंड करा, किल्ला वाटेतच आहे, दुपारी जेवून खाली. एका दिवसात होते.

तोफखाना

पाऊण तासात गावीलगड पाहिला म्हणणाऱ्याला माझा नमस्कार. साहेब, गंडभेरुंड पाहिला का तुम्ही?

गिट्टीखदान_एक्स्प्रेस

कोण बेरुंड?

सावजी_रस्सा

हा गेला कामातून 😂 आता तोफखाना भाऊ रात्रभर लिहीन आणि मले सकाळी सातच्या शिफ्टले जायचं हाय. लिहा बाप्पा, वाचतो.

अचलपूरची_माहेरवाशीण

इतिहास नंतर, आधी कामाचं बोलू. माझं माहेर अचलपूरचं, लहानपणापासून पाचसात वेळा तरी गेली असेन. दादा, एका दिवसाचं डोक्यातून काढून टाका. नागपूर-अमरावती दीडशेच्या वर किलोमीटर, पुढे परतवाडा पन्नासेक, मग घाट. सगळं मिळून सव्वादोनशे-अडीचशेच्या मध्ये पडते. सकाळी सहाला निघालात तरी थांबत थांबत वर पोचायला साडेअकरा-बारा. मग बारा वाजता उन्हात म्हाताऱ्या माणसाला किल्ला चढवणार का? शनिवारी जा, संध्याकाळी पॉइंट-बिइंट काय ते करा, मुक्काम, आणि रविवारी सकाळी आठला किल्ल्याच्या तोंडाशी असा. थंडीत आठ म्हणजे तिथे पहाटच समजा.

आत प्यायचं पाणी नाही, टपरी नाही, बाथरूम नाही. माणशी दोन बाटल्या. बायकोला हे नीट सांगा, नाहीतर आत गेल्यावर भांडण होते, मला विचारा. डिसेंबरात गवत वाळलेलं असते, कुठे कुठे कंबरेएवढं. मुलीला लेगिंग्ज नको, जीन्स घाला, कुसळं लागतात आणि मोज्यात घुसली की रात्रीपर्यंत काढत बसा. बाबांना काठी. आणि सकाळी अगदी अंधारात किंवा दुपारी चारनंतर आत थांबू नका, अस्वलांचा वावर आहे तिकडे, मेळघाटच आहे शेवटी. गावातला एखादा माहितगार पोरगा सोबत घेतला तर फारच चांगलं, पैसे सुटे ठेवा.

चढ म्हणाल तर मधेमधे आहे. खरा त्रास चढाचा नाही, सुट्या दगडांचा आणि ओबडधोबड वाटेचा आहे.

मानेवाडा_चौक

ताई तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. ती म्हणते बाथरूमचं सांगितलं म्हणजे ही खरी बाई.

वरुडकर_नागपुरात

रस्त्याचं मी सांगतो. लोक अमरावती-अमरावती करतात पण परतवाड्याला जायला काटोल, जलालखेडा, वरुड, मोर्शी, चांदूरबाजार असा आतला रस्ता आहे. ट्रक कमी, दोन्हीकडे संत्र्याच्या बागा, डिसेंबर म्हणजे आंबिया बहार उतरत आला असेल, काही ठिकाणी रस्त्याच्या कडेला ढीग लावून विकतात. वेळ मात्र हायवेपेक्षा जास्त लागू शकते, गावं लागतात मधे, बैलबंड्या, ट्रॅक्टर. जाताना हायवे, येताना हा, असं करा. संत्री येताना घ्या, जाताना घेतली तर मुलगी गाडीतच संपवीन.

पिपळा_फाटा

समृद्धीनं गेलं तर? मस्त 120 नं.

वरुडकर_नागपुरात

समृद्धी अमरावती शहराला शिवतच नाही हो. ती खालून धामणगाव, चांदूर रेल्वे, नांदगाव खंडेश्वर करत निघून जाते. उतरून परत वर यायचं, टोल भरून. तुम्हाला शिर्डी करायची असेल तर जा समृद्धीनं.

बर्डीवाला

एक मुद्दा कोणी काढला नाही. 13 डिसेंबरला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू राहू शकते. शनिवार असला तरी सिव्हिल लाइन्स, बर्डी, सगळीकडे बॅरिकेड अन् गाड्यांचे ताफे. मानेवाड्याहून शहरात घुसूच नका, रिंग रोडनं बाहेरच्या बाहेर अमरावती रोडला लागा. वाडी पार केली की सुटलात. आणि सहा म्हणजे सहा, साडेसात नाही.

आणि एवढं लांब कशाला म्हणतो मी, आपला बर्डीचा, म्हणजे सीताबर्डीचा, किल्ला आहे की! फक्त तो लष्कराच्या ताब्यात, वर्षातून तीन दिवस उघडते, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट. किंवा नगरधन करा, रामटेकच्या अलीकडे, तासाभराचा रस्ता, सपाट, बाबांना काही त्रास नाही. विहिरीत उतरून भुयारातली देवी आहे. आणि जुनं म्हणाल तर वाकाटकांची राजधानी नंदीवर्धन तीच, तिथल्या उत्खननात प्रभावतीगुप्ताच्या नावाचा शिक्का उमटवलेली माती सापडली. चंद्रगुप्त दुसऱ्याची मुलगी, नवरा गेल्यावर इथून राज्य चालवलं बाईनं. घरापाशी एवढं असताना आपण सगळे चिखलदऱ्याला पळतो.

मानेवाडा_चौक

बाबांना विचारलं. म्हणतात नगरधन शाळेच्या सहलीत पाहिला, आणि बर्डीच्या किल्ल्यात जायला रांगेत कोण उभं राहीन. त्यांचं गावीलगडावरच अडलं आहे.

तोफखाना

आता लिहितो. सावजीभाऊ, शिफ्ट असेल तर झोपा.

नागपूरकरांनी गावीलगडला जायचं ते आपल्या भोसल्यांचा म्हणून, हे आपल्यालाच माहीत नसते. नाव गवळ्यांवरून, मूळचा मातीचा गड गवळ्यांचा असं मानतात. दगडी किल्ला बांधला बहमनी सुलतान अहमदशाह वलीनं, 1425 मध्ये. मग वऱ्हाडच्या इमादशाहीकडे. फतेहुल्ला इमादशाह मूळचा विजयनगरच्या मुलखातला, लहानपणी पकडून आणलेला. त्यामुळे दरवाजावर जे गंडभेरुंड कोरलेलं आहे ना, दोन तोंडांचा पक्षी, हत्ती धरलेला, ते त्या मुलखाचं चिन्ह इथे सातपुड्यात आलं असं म्हणतात. मुसलमान सुलतानाच्या गडावर, वऱ्हाडात, दक्षिणेतला पक्षी. एवढ्या एका दगडासाठी अर्धा तास उभं राहिलं पाहिजे आणि लोक तळ्यापाशी सेल्फी काढून परत फिरतात. नाव नाही घेत कोणाचं.

अबुल फझलनं ऐने-अकबरीत वऱ्हाडचं वर्णन करताना लिहून ठेवलं आहे की गाविल म्हणजे तोड नसलेला किल्ला, आणि तिथे एक झरा आहे ज्यात पोलादी हत्यारांना पाणी देतात. पाणी देतात! विळ्याला-कुऱ्हाडीला पाणी देणं हे आपल्या लोहाराच्या तोंडातलं बोलणं, ते चारशे वर्षांपूर्वीच्या फारसी पुस्तकात गावीलगडाच्या नावावर आहे.

आणि आता तुमच्या तारखेची गंमत. 1803, इंग्रजांशी युद्ध. असईची लढाई 23 सप्टेंबरला, अडगावची 29 नोव्हेंबरला. दोन्ही हरल्यावर रघुजी भोसले दुसरे यांच्याकडे वऱ्हाडात मोठा आधार उरला तो हा गड. दक्षिणेकडून इंग्रजांचा आर्थर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूला नेपोलियनला भारी पडला तोच. पण दक्षिणेकडून कडा आहे, तिकडून काही होत नाही. म्हणून त्याच्याच बाजूच्या स्टीव्हन्सनच्या फौजेनं डोंगराला वळसा घालून उत्तरेकडून तोफा आणल्या. 7 ते 12 डिसेंबर, सहा दिवस, आधी रस्ता करायचा मग त्याच्यावरून माणसांनी तोफ ओढायची. 13 ला मारा सुरू. 15 ला बाहेरच्या भिंतीला खिंडार पडलं, आत घुसले, तर पुढे आतल्या किल्ल्याची भिंत शाबूत. मग एका तुकडीनं घळीतून शिड्या लावून ती भिंत चढली आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. दोन दिवसांनी, 17 डिसेंबरला, देवगावचा तह.

म्हणजे तुम्ही 14 ला सकाळी आत जाल ते उत्तरेकडून, पठारावरून. स्टीव्हन्सनच्या तोफा आल्या तीच बाजू. तेव्हा गड खालून घेता आला नाही, तो त्या पठारामुळे गेला. तिथे उभं राहून मागे चिखलदऱ्याकडे पाहा, न सांगता कळीन.

पिपळा_फाटा

म्हणजे वऱ्हाड तेव्हाच इंग्रजांनी घेतलं?

तोफखाना

नाही. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी सोडला तो निजामाला मिळाला. इंग्रजांनी स्वतःकडे ठेवलं ते कटक आणि बालेश्वर, समुद्रकाठचं. गंमत म्हणजे गावीलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले तहात परत भोसल्यांकडेच राहिले. ते गेले ते नंतर, 1817 च्या नोव्हेंबरात आपल्या बर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसले इंग्रजांशी हरले त्याच्यानंतर. तेव्हा बर्डीवाले साहेब, तुमचा किल्ला आणि हा किल्ला एकाच गोष्टीतले आहेत.

सावजी_रस्सा

वाचलं. पूरं वाचलं. शिफ्टले आता डोळे लाल घेऊन जातो. एक सांगा, सहा दिवस हातानं तोफ ओढली म्हणता, मंग आमी दोन किलोमीटर चालाले कावून रडतो?

गिट्टीखदान_एक्स्प्रेस

इतिहास ठीक आहे पण दिसायला तर पडझडच आहे ना भाऊ. रायगडसारखं काही नाही. उगाच माणसाच्या अपेक्षा वाढवू नका.

अचलपूरची_माहेरवाशीण

रायगड रायगडच्या जागी. इथे मोठी मशीद उभी आहे, तिच्या दगडी जाळ्या पाहा, बुरूज आहेत, तोफा पडून आहेत, भिंतीवरून खाली पाहिलं की आमचं अचलपूर-परतवाडा पसरलेलं दिसते. दादा तुम्ही कुठपर्यंत गेले होते ते एकदा सांगाच.

(इथे गिट्टीखदान भाऊ चार दिवस गायब 😀 — सावजी_रस्सा)

मानेवाडा_चौक (8 डिसेंबर)

अपडेट. बाबांनी घाटाचं सगळं स्वतःच्या हाती घेतलं आहे. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहितो: परतवाड्याहून वर जायला दोन रस्ते, एक घटांगवरून, एक धामणगाव गढीवरून. एकानं चढायचं, दुसऱ्यानं उतरायचं, म्हणजे दोन्ही पाहून होतात. ज्या गिअरवर चढलास त्याच गिअरवर उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून उतरणारा ड्रायव्हर नाही, गिऱ्हाईक आहे. वळणावर हॉर्न, आणि वर येणाऱ्याला आधी जागा. धुकं आलं तर थांबायचं, घाईत असणारे पुढे जाऊ दे.

मी म्हटलं बाबा मी वीस वर्षांपासून गाडी चालवून राहिलो. म्हणाले, नागपूरच्या रस्त्यावर.

मुक्कामाचं बुकिंग झालं. फोनवर कन्फर्म, ॲडव्हान्स दिला.

वरुडकर_नागपुरात

पावतीचा स्क्रीनशॉट ठेवा.

मानेवाडा_चौक (16 डिसेंबर, रात्री)

आलो परत. लांब लिहितो, सहन करा.

सहाला निघायचं ते सहा चाळीस झाले, कारण मुलीचा एक बूट सापडत नव्हता, तो शेवटी पलंगाखाली. रिंग रोडनं गेलो, वाडीला तरीही अडकलो, पण पुढे मोकळं. बर्डीवाले, धन्यवाद. मोझरीला गुरुकुंजात टेकलो, अमरावतीत गिला वडा, बाबांनी तिखट जास्त आहे म्हणत दोन खाल्ले. घाट घटांगवरून चढलो. बाबा बाजूच्या सीटवर, आणि प्रत्येक वळणाच्या आधी त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जात होता, खाली ब्रेक नसताना. मी काही बोललो नाही.

आता वरुडकरांचा स्क्रीनशॉट. वर गेलो तर आमची खोली दुसऱ्यांना दिलेली. काउंटरवरचा माणूस म्हणे साहेब वीकेंड आहे, तुम्ही चारपर्यंत नाही आले. आम्ही पावणेचारला उभे होतो त्याच्यासमोर. अर्धा तास वाद, ॲडव्हान्स परत दिला पण खोली नाही. जागेचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. मग दोनतीन ठिकाणी फिरून एका घरगुती जागेत दोन खोल्या मिळाल्या, गरम पाणी बादलीनं, पण गोधड्या स्वच्छ होत्या. रात्री एवढी थंडी की मुलगी टोपी घालून झोपली.

रविवारी सव्वाआठला गडाशी. गावातला एक पोरगा सोबत घेतला, बारावीतला असेल. पहिल्या दरवाजातून आत आलो, थोडं चाललो, तर बाबा मधेच थांबले आणि मागे पाहत राहिले. मला वाटलं गुडघा. म्हणाले, अरे, मी जी भिंत पाहत होतो ती एवढीच. पोरगा म्हणाला आजोबा हा तर बाहेरचा परकोट, किल्ला पुढे आहे. इतके वर्षं त्यांना वाटायचं की ती भिंत म्हणजेच गड, तिच्या मागे दरी.

तिथून त्यांचा चालायचा वेगच बदलला. माझ्या पुढे, काठी टेकत. तळं झालं, चढ आला, चढावर मात्र चार वेळा बसले. गंडभेरुंडाच्या दरवाजापाशी पोचायला आम्हाला सव्वा तास लागला. तोफखाना साहेब, मान वर करून पाहावं लागते, आणि सकाळचं ऊन तिरपं असताना कोरीव काम उठून दिसते, हे लिहून ठेवा इतरांसाठी. मुलगी म्हणाली पक्ष्यानं हत्ती पकडले तर पक्षी केवढा असेल, आणि तिनं गणित मांडायला घेतलं. तिचं उत्तर आलं आमच्या सोसायटीएवढा.

मोठ्या मशिदीपर्यंत गेलो. बाबा तिथे जाळीच्या सावलीत अर्धा तास बसले, आम्ही पुढे बुरुजाकडे जाऊन तोफ पाहून आलो. दक्षिणेकडच्या भिंतीवरून खाली पाहिलं आणि तेव्हा कळलं की वेलस्ली तिकडून का नाही चढला. पूर्ण गड काही झाला नाही, अर्धाच म्हणा. साडेअकराला परत फिरलो. पाणी बरोबर शेवटच्या बाटलीवर आलं. कुसळं सगळ्यांच्या मोज्यात, फक्त बायकोच्या नाही, कारण तिनं मोजे पँटवर ओढून रबर बँड लावले होते. ताई, तिला ही आयडिया तुमच्या पोस्टवरून सुचली.

उतरताना धामणगाव गढीवरून. सेकंड गिअर. आजूबाजूनं दोन इनोव्हा हॉर्न मारत गेल्या, बाबा खिडकीतून म्हणाले गिऱ्हाईक.

अचलपूरची_माहेरवाशीण

रबर बँड 👌 पुढच्या वेळी मीही करीन. आणि गुडघे कसे आहेत बाबांचे?

मानेवाडा_चौक

सोमवारी दिवसभर पलंगावर, गरम पाण्याची पिशवी घेऊन. पण फोन चालू होता सारखा, डेपोतल्या जुन्या मित्रांना परकोट म्हणजे काय ते समजावून सांगून राहिले.

गिट्टीखदान_एक्स्प्रेस

सगळी पोस्ट वाचली. एक विचारायचं होतं. ते जे तळं लागते, त्याच्या नंतर चढ आहे म्हणता, तो डावीकडे आहे का? कारण आम्ही तळ्यापाशी पोचलो, तिथे डबा खाल्ला आणि आम्हाला वाटलं झालं.

सावजी_रस्सा

😂😂😂 तीन वर्षं झाले हा माणूस परकोट पाहून किल्ला पाहिला म्हणून सांगते

तोफखाना

हसू नका. एसटीच्या ड्रायव्हरलाही तसंच वाटत होतं. गिट्टीखदान भाऊ, जानेवारीत मी जाऊन राहिलो, शनिवार-रविवारच. गाडीत एक जागा आहे.

गिट्टीखदान_एक्स्प्रेस

येतो. पण सकाळी आठ म्हणजे जरा जास्त होते, नऊ करा.

अचलपूरची_माहेरवाशीण

आठ.

सावजी_रस्सा

रबडी कोण आणली ते कोणीच नाही सांगितलं बाप्पा. चिखलदऱ्याहून रिकाम्या हातानं आले का?

मानेवाडा_चौक

आणली होती. मोर्शीच्या आधीच संपली. संत्री मात्र आहेत, मानेवाड्याला या.